दिवस मावळला की तुटणारी लाइन

ब्रिटनमध्ये घरच्या फोनवरून १७०७० हा क्रमांक फिरवला की एक ध्वनिमुद्रित आवाज आधी तुमचाच नंबर तुम्हाला वाचून दाखवतो आणि मग पर्याय सांगतो. दुसरा पर्याय निवडला की पलीकडून काहीच ऐकू येत नाही, आणि यायलाही नको. ही लाइनच्या शांततेची चाचणी. सोय मुळात इंजिनिअरांसाठी ठेवलेली. पण ज्यांना इंटरनेटने छळलं आहे, अशा कितीतरी साध्या गिऱ्हाइकांनाही ती ठाऊक आहे. वायरचा साधा फोन घ्यायचा, कारण कॉर्डलेसला स्वतःचीच बारीक खरखर असते. रिसीव्हर कानाला घट्ट लावायचा आणि ऐकायचं. लाइन बिघडलेली असेल तर कधी एकसारखी खरखर येते, कधी अधूनमधून फटफट, आणि क्वचित फार लांबून कुणी बोलत असावं तसं एखादं रेडिओ स्टेशन.

हेरेफर्डशायरमधल्या एका खेड्यात राहणाऱ्या एक मराठी बाई ही चाचणी सराईतपणे करतात. माहेर सांगलीचं, इंग्लंडात येऊन बरीच वर्षं झाली. ठिकठिकाणच्या मराठी घरांतल्या मुलांना त्या संध्याकाळी ऑनलाइन मराठी शिकवतात. मुलं त्यांना ताई म्हणतात, मीही ताईच म्हणते. त्यांच्या गल्लीत अजून फायबर आलेलं नाही. टेलिफोन एक्स्चेंज चारेक किलोमीटरवर आहे आणि तिथून शेतांच्या कडेने, खांबाखांबांवरून आलेली तांब्याची जोडतार हेच त्यांचं इंटरनेट. गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर असं होऊ लागलं की वर्ग रंगात यायचा, कुणी मूल धडा वाचत असायचं आणि पडदा गोठायचा. राउटरवरचा दिवा लुकलुकू लागायचा. चार-पाच मिनिटांनी जोडणी परत यायची, तोवर निम्मी मुलं उठून गेलेली असायची.

‘नेट स्लो आहे’ असं आपण दिवसातून कितीदा म्हणतो. तेव्हा तारेत नेमकं काय चाललेलं असतं ते मला या एका लाइनीमुळे जवळून पाहता आलं. आणि हेही दिसलं की असल्या बिघाडात तंत्राइतकंच महत्त्व एका साध्या गोष्टीला असतं: फोनच्या पलीकडे तुमचं ऐकून घेणारा माणूस आहे की नाही.

त्यासाठी तिथली व्यवस्था समजून घ्यावी लागते. ब्रिटनमधल्या बहुतेक घरांपर्यंत गेलेली तांब्याची तार ओपनरीच या कंपनीच्या ताब्यात आहे. ब्रिटिश टेलिकॉमचं खासगीकरण १९८४ साली झालं. पण घरोघरी गेलेल्या तारा एकाच कंपनीकडे राहिल्या तर स्पर्धा नावालाच उरणार हे उघड होतं. नियामक संस्था ऑफकॉमने केलेल्या आढाव्यानंतर २००६ साली बीटी समूहातच ओपनरीच हा वेगळा विभाग उभा राहिला. त्याने सगळ्या इंटरनेट कंपन्यांना सारख्याच अटींवर तार वापरू द्यायची, असं ठरलं. त्यामुळे मोठ्या नावांबरोबर लहान कंपन्याही टिकल्या. रॉचडेलची झेन इंटरनेट १९९५ पासूनची, ब्रॅकनेलची अँड्रूज अँड आर्नल्ड १९९७ पासूनची. ही दुसरी कंपनी आपल्या प्रत्येक ब्रॉडबँड गिऱ्हाइकाच्या लाइनवर दर सेकंदाला एक छोटा संदेश पाठवून उत्तर किती वेळात आलं, आलं की नाही, याचा आलेख ठेवते. तो आलेख गिऱ्हाइकालाही पाहता येतो.

या व्यवस्थेची दुसरी बाजू अशी की ज्यांना तुम्ही पैसे देता त्यांची तार नाही, आणि ज्यांची तार आहे त्यांच्याशी तुम्हाला थेट बोलता येत नाही. तक्रार तुम्ही आपल्या कंपनीकडे करायची, कंपनीने ती पुढे पाठवायची, मग इंजिनिअर येणार. तो सकाळी अकराला येतो आणि त्या वेळी लाइन ठणठणीत असेल तर ‘बिघाड आढळला नाही’ असा शेरा मारून जातो. त्यात त्याचा दोष नसतो, त्याच्या यंत्रावर जे दिसतं तेच तो लिहिणार. पण बिघाड घरातल्या वायरिंगमध्ये निघाला तर त्या फेरीचा भुर्दंड गिऱ्हाइकावर पडतो. म्हणून इंजिनिअर मागवण्याआधी हाताशी पुरावा हवा. तो जमवायला लावणारी आणि मग नीट वाचणारी माणसं लहान कंपन्यांत अजून भेटतात. ताईंची कंपनी अशीच एक आहे.

तिथल्या तरुणाने पहिल्याच फोनमध्ये ताईंना राउटरच्या आतलं पान उघडायला लावलं. राउटरला तारेविषयी बरंच काही माहीत असतं, आपण विचारत नाही एवढंच. त्या पानावर दोन आकडे होते. एक, सिग्नल वाटेत किती विरतो त्याचा: सुमारे ५० डेसिबल. म्हणजे एक्स्चेंजमधून निघालेल्या शक्तीचा लाखावा हिस्सा ताईंच्या घरी पोहोचतो. ऐकताना हे भयंकर वाटतं, पण इतक्या लांब तारेला ते साजेसंच आहे, आणि हा आकडा सहसा बदलत नाही. दुसरा आकडा मार्जिनचा. लाइनवरचा गोंगाट आणखी किती वाढला तरी जोडणी तग धरेल, ते हा आकडा सांगतो. साधारण ६ डेसिबल मार्जिन ठेवून जोडणी बांधली जाते. म्हणजे गोंगाटाची शक्ती चौपट झाली तरी चालेल. सकाळच्या वेळी ताईंचा आकडा ६ डेसिबलच्या आसपास होता. त्या तरुणाने सांगितलं, दर तासाला हा आकडा वहीत लिहून ठेवा, आणि लाइन तुटली की ती वेळ.

मार्जिन म्हणजे काय ते कळायला या तंत्राच्या मुळाशी जावं लागतं. माणसाचं फोनवरचं बोलणं ३०० ते ३,४०० हर्ट्झमध्ये मावतं. त्याच तारेवरून त्याहून कितीतरी वरच्या कंपनांत मजकूर पाठवता येईल, आणि घराकडे येणारा ओघ मोठा व घरातून जाणारा लहान ठेवला तर लांबच्या तारेवरही ते जमेल, ही कल्पना अमेरिकेत बेलकोरमधल्या जोसेफ लेक्लायडर यांनी १९८०च्या दशकात मांडली. ती प्रत्यक्षात उतरवण्याच्या रीतीत स्टॅनफर्डच्या जॉन चिओफी यांचा मोठा वाटा आहे. शेतात वाफे पाडावेत तशी त्यांनी तारेवरची सगळी जागा छोट्या छोट्या पट्ट्यांत विभागली. प्रत्येक पट्टी ४.३१२५ किलोहर्ट्झ रुंद. तांब्याच्या तारेवरच्या या इंटरनेटच्या सुरुवातीच्या प्रकारात, एडीएसएलमध्ये, अशा २५६ पट्ट्या होत्या, नंतरच्या एडीएसएल टू प्लसमध्ये ५१२, थेट २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. जोडणी करताना मोडेम एकेक पट्टी तपासतो. जिथे गोंगाट कमी तिथे जास्त बिट्स, जिथे जास्त तिथे कमी, जिथे फारच तिथे काहीच नाही. टेलिफोनच्या बोलण्यासाठी टाकलेल्या तारेवर आपण सिनेमे पाहिले ते या हिशेबामुळे. मला ही आपल्या काळातली फार मोठी अभियांत्रिकी वाटते, आणि तिचं कौतुक फारसं झालेलं नाही.

या पट्ट्यांचा आलेख ताईंनी मला दाखवला. डावीकडे उंच उभ्या रेघा, उजवीकडे तार लांब असल्यामुळे खाली उतरत गेलेल्या. मध्येच काही दात पडल्यासारख्या फटी. एक फट १६१व्या पट्टीजवळ होती. १६१ला ४.३१२५ ने गुणलं की ६९४ येतात, आणि ६९३ किलोहर्ट्झवर बीबीसीचं रेडिओ फाइव्ह लाइव्ह हे मीडियम वेव्ह स्टेशन लागतं. ते ज्या ड्रॉइटविचच्या मनोऱ्यांवरून येतं ते शेजारच्याच वुस्टरशायरमध्ये आहेत. २११व्या पट्टीजवळची फट ९०९ किलोहर्ट्झची, तेच स्टेशन दुसऱ्या जागी. म्हणजे घरापर्यंत आलेली ही उघड्या माळावरची तार चार किलोमीटर लांबीची एरियलही होती. मोडेमला ते ठाऊक होतं. त्याने त्या पट्ट्या सोडून बाकीच्या ठिकाणी काम चालवलं होतं.

मग बिघाड कुठे होता? उत्तर ताईंच्या वहीत होतं. सप्टेंबरअखेरीस लाइन संध्याकाळी सातनंतर तुटत होती. ऑक्टोबरच्या मध्याला सव्वासहाच्या सुमारास. घड्याळं मागे घेतल्यावर पाच, आणि डिसेंबरात चार वाजून गेले की लगेच. ताईंचा समज असा होता की संध्याकाळी सगळं गाव नेटवर बसतं म्हणून होत असेल. कंपनीच्या तरुणाने नोंदी वाचायला सांगितल्या, थोडा वेळ काही बोलला नाही, आणि मग विचारलं, “तुमच्याकडे सूर्य किती वाजता मावळतो?”

मीडियम वेव्हच्या लहरी दिवसा दूर जाऊ शकत नाहीत. वातावरणाच्या वरच्या भागात, आयनांबरात, सूर्यप्रकाशामुळे एक थर तयार होतो आणि तो त्या शोषून घेतो. सूर्य मावळला की तो थर विरतो. मग त्याच लहरी आणखी वरच्या थरांवरून परावर्तित होऊन शेकडो किलोमीटरवर उतरतात. सांगलीत ताईंच्या वडिलांचा ट्रान्झिस्टर रात्री परमुलखातली स्टेशनं पकडायचा ते याच कारणाने. आता हेरेफर्डशायरच्या अंधारात युरोपभरची स्टेशनं त्यांच्या इंटरनेटच्या तारेत उतरत होती. दुपारच्या उजेडात बांधलेल्या जोडणीने ज्या पट्ट्यांवर भरवसा ठेवला होता त्या एकेक करून गढूळ व्हायच्या, मार्जिन सहावरून एकावर, कधी शून्यावर यायचं आणि जोडणी तुटायची.

हे इंग्लंडात लांब लाइनीवरच्या बहुतेक घरांत थोडंफार होतं. पण तीन-चार डेसिबल घसरणं वेगळं आणि सगळं मार्जिन जाणं वेगळं. तरुणाचं म्हणणं पडलं की तार रेडिओ जरुरीपेक्षा जास्त पकडते आहे. आधी घरातलं वायरिंग वेगळं करून पाहू.

मी त्यांच्याकडे गेले तेव्हा ताईंनी ते कसं केलं ते पुन्हा करून दाखवलं. दाराजवळच्या भिंतीवर मास्टर सॉकेट. त्याचा खालचा अर्धा भाग दोन स्क्रू काढले की पुढे ओढून निघतो, आणि घरातल्या बाकीच्या सगळ्या वायरी त्या निघालेल्या भागाबरोबरच सुटतात. मागे दिसतो तो टेस्ट सॉकेट. तिथवर तारेच्या मालकाची हद्द, तिथून पुढे घरमालकाची. राउटर त्या टेस्ट सॉकेटला लावून ताईंनी एक रात्र तसाच ठेवला. सकाळी पाहिलं तर जोडणी एकदाही तुटली नव्हती आणि रात्रभर मार्जिन तीनच्या खाली गेलं नव्हतं. म्हणजे बाहेरची तार ठीक, दोष घरात.

माडीवरच्या खोलीत राउटर ठेवता यावा म्हणून घराच्या आधीच्या मालकाने जिन्याच्या कडेने एक जादा वायर नेली होती. काढलेल्या झाकणाच्या मागे तिची टोकं होती: दोन नंबरच्या खाचेत निळी-पांढरी, पाचमध्ये पांढरी-निळी, आणि तीनमध्ये नारिंगी-पांढरी. इंटरनेटला पहिल्या दोनच लागतात. तिसरी घंटेची. जुन्या फोनमधली खरीखुरी घंटा वाजवायला ब्रिटनमध्ये ही वेगळी तार असायची. आताच्या फोनना तिची गरज नाही. ती नुसती लटकत राहिली असती तरी चाललं असतं. पण ती जोडीतल्या एका तारेशी जोडलेली असते.

दोन तारा एकमेकींभोवती पिळण्याची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची, पेटंट १८८१चं. पीळ असल्यामुळे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखाच बसतो, आणि घेणारं यंत्र दोन्हींमधला फरक तेवढा मोजतं. सारखं आलेलं वजा होऊन जातं. ही सगळी पुण्याई दोन्ही तारा समतोल असण्यावर टिकून आहे. घंटेची तार एकाच बाजूला जोडली की तो तोल जातो आणि जिन्यावरून माडीपर्यंत गेलेली ती वायर एरियल होऊन बसते. ताईंनी तीन नंबरच्या खाचेतून नारिंगी-पांढरी तार चिमट्याने ओढून काढली, टोकाला टेप गुंडाळला, झाकण बसवलं. त्या संध्याकाळी काळोख पडल्यावर मार्जिन चारच्या आसपास थांबलं.

तरीही वेग वाढला नाही. अशा लाइनींवर एक स्वयंचलित देखरेख व्यवस्था असते. लाइन वारंवार तुटते असं दिसलं की ती आपणहून मार्जिन वाढवते, वेग कमी करते, मजकूर विखरून पाठवते, म्हणजे एखादा तडाखा बसला तरी तुटलेले तुकडे शेजारच्या मजकुरावरून भरून काढता येतील. या विखुरण्याने थोडा उशीर लागतो, पण जोडणी टिकते. हे शहाणपणाचंच आहे. अडचण अशी की बिघाड गेल्यावरही ती व्यवस्था बरेच दिवस सावधच राहते. ताईंच्या लाइनचं मार्जिन खाली आणून देण्याची विनंती कंपनीने पुढे केली, आणि काही दिवसांनी वेग पूर्ववत झाला. असल्या विनंतीला कारण द्यावं लागतं. वहीतल्या नोंदी आणि टेस्ट सॉकेटवरची रात्र हे ते कारण.

दोष नेहमीच स्वतःच्या घरात सापडतो असं नाही. वेल्समधलं अबरहोसन हे गाव २०२० साली बातम्यांत आलं. सुमारे ४०० वस्तीच्या त्या गावाचं इंटरनेट दीड वर्ष रोज सकाळी सातला कोलमडायचं. गावातल्या केबलचा मोठा भाग बदलला तरी फरक पडेना. शेवटी ओपनरीचचे इंजिनिअर सकाळी सहालाच स्पेक्ट्रम अनलायझर घेऊन रस्त्यारस्त्याने फिरले, आणि बरोबर सातला यंत्रावर गोंगाटाचा लोट दिसला. तो एका घरातल्या जुन्या दूरचित्रवाणी संचातून येत होता. घरमालक रोज सातला तो लावत. कळल्यावर त्यांना फार ओशाळवाणं झालं आणि त्यांनी तो संच पुन्हा न लावण्याचं कबूल केलं. मला यात त्या इंजिनिअरांचं कौतुक वाटतं. बिघाड ज्या वेळी होतो त्या वेळी तिथे हजर राहायचं हे त्यांनी ठरवलं, म्हणून तो सापडला. स्पेक्ट्रम अनलायझर नसेल तर लोक खिशातला मीडियम वेव्ह रेडिओ ६१२ किलोहर्ट्झच्या आसपास, स्टेशन नसलेल्या जागी लावून घरभर फिरतात. एखाद्या चार्जरजवळ, दिव्याच्या ट्रान्सफॉर्मरजवळ भुणभुण वाढली की चोर सापडला.

आणि जोड. खांबांवर वर्षानुवर्षं तारा जोडण्याचं काम करून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांशी मी बोलले. त्यांच्या मते निम्मे आजार जोडांत असतात. तांब्यावर हिरवा गंज चढतो, आणि सत्तरच्या दशकात तांबं महागलं म्हणून काही ठिकाणी ॲल्युमिनियमच्या तारा टाकल्या, त्या आणखी ठिसूळ. असा जोड कधी चालतो कधी नाही. फोनची घंटा वाजली की इंटरनेट तुटतं, ही त्याची ओळख. घंटेचा दाब त्या गंजलेल्या जागेतून जाताना सगळा तोल बिघडवतो.

आपल्याकडे पहिल्या पावसात फोन मुका होणं आणि लाइनमनची वाट पाहणं कुणाला नवीन नाही. पण तार एकाची आणि सेवा दुसऱ्याची, हा मार्ग आपण घेतलाच नाही. २००४ साली ट्रायने सरकारी कंपन्यांच्या तारा इतरांना वापरू देण्याची शिफारस केली होती. त्याच वर्षीच्या ब्रॉडबँड धोरणात ती स्वीकारली गेली नाही. बीएसएनएल आणि एमटीएनएल यांनी २००५च्या सुरुवातीला स्वतःचं ब्रॉडबँड आणलं, तेव्हा २५६ केबीपीएसला ब्रॉडबँड म्हणत. तांब्याच्या तारेवर लहान कंपन्यांची स्पर्धा आपल्याकडे उभीच राहिली नाही. ती जागा गल्लीतल्या केबलवाल्यांनी आपली स्वतःची वायर गच्च्यागच्च्यांवरून टाकून घेतली.

ब्रिटनमध्ये जुनं टेलिफोन जाळं बंद करण्याची मुदत आधी डिसेंबर २०२५ होती, ती आता ३१ जानेवारी २०२७ झाली आहे. फायबर न पोहोचलेल्या ठिकाणी तांब्याची तार त्यानंतरही राहील, तिच्यावरचा डायलटोन मात्र जाईल आणि त्याबरोबर कानाने खरखर ऐकण्याची सोयही. राउटरचे आकडे आणि वही एवढंच उरेल. ही वही लिहायला सांगणारी कंपनी गिऱ्हाइकाला तेव्हा अधिकच लागेल, आणि महिन्याला चार पौंड जास्त गेले तरी मी तीच निवडेन.

ताईंविषयी ऐकून गेल्या वसंतात पलीकडच्या शेताचा मालक त्यांच्याकडे आला. त्याचं नेट पाऊस पडून गेला की तुटायचं, दिवसा काय नि रात्री काय. ताईंनी त्याच्या फोनवर कान देऊन ऐकलं तर साधारण सेकंदाला एक टिक्, एकसारखं. गुरांच्या विजेच्या कुंपणाचा झटका तेवढ्याच अंतराने जातो. दोघं कुंपणाच्या कडेने चालत गेले. टेलिफोनची तार जिथून कुंपणावरून जाते तिथेच एक इन्सुलेटर तडकला होता आणि ओलं गवत कुंपणाच्या तारेला टेकलं होतं. त्याने त्याच दुपारी गवत कापलं आणि इन्सुलेटर बदलला. संध्याकाळी त्याच्या कंपनीचा फोन आला, तक्रार बंद करायची का म्हणून. ताईंनी त्याला सांगितलं, एक पाऊस पडून जाऊ दे, मग कळव.